वास्तूचे आयुष्य आणि समीक्षकाची दृष्टी
(धाराशिव जिल्ह्यातील काही इमारतींच्या निमित्ताने)

१

वाङ्मयकृतीच्या समीक्षेची जेवढी चर्चा मराठीत झाली तेवढी वास्तूच्या समीक्षेची झालेली नाही. इमारतीविषयी आपल्याकडे जे लेखन होते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक, तिची मोजमापे, तिचा काळ आणि तिचा कर्ता सांगणारे. आणि दुसरे, तिच्याभोवतीच्या दंतकथा व तिच्या दर्शनाने उचंबळून आलेल्या भावना सांगणारे. पहिल्यास आपण संशोधन म्हणतो, दुसऱ्यास ललित लेखन. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरे काम शिल्लक राहते. समोर उभी असलेली इमारत ज्या पद्धतीने वाचली गेली ती पद्धत बरोबर आहे काय, ज्या शब्दांनी तिचे वर्णन केले गेले ते शब्द तिला न्याय देतात काय, याचा विचार करणे हे ते काम होय. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न धाराशिव जिल्ह्यातील काही वास्तूंच्या आधारे मांडावयाचा आहे.

हा जिल्हा निवडण्याचे कारण केवळ स्थानिक अभिमान हे नव्हे. विटांचे गजपृष्ठ देवालय, डोंगरात कोरलेली लेणी, नदीच्या पात्रातून उभारलेले दगडी धरण, भुईकोट किल्ला आणि माळवदाची घरे इतकी निरनिराळी बांधकामे एवढ्या लहान प्रदेशात एकत्र आढळणे दुर्मीळ आहे. शिवाय त्यांतील पहिल्या तिन्हींविषयी गेल्या दीडशे वर्षांत नामांकित विद्वानांनी लिहिले असल्यामुळे समीक्षेची समीक्षा करण्यास येथे पुरेशी सामग्री आहे. आणि शेवटच्या, म्हणजे माळवदाच्या घरांविषयी, जवळजवळ कोणीच वास्तू म्हणून लिहिले नाही. त्या मौनाची किंमत काय पडली, हेही आपण पाहणार आहो.

२

तेर या गावाचा प्राचीन तगराशी संबंध आज सर्वमान्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असून तेथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असे सांगितले आहे. टॉलेमीनेही या नगराचा उल्लेख केला आहे. शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. असे असूनही हे नगर नेमके कोठले, याविषयी एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले, रा. गो. भांडारकरांनी धारूरची शक्यता मांडली, इतरांनी देवगिरीच्या परिसराकडे बोट दाखविले. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे समीकरण मांडले, आणि त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेरला जाऊन तेथील अवशेषांची पाहणी केली. पुढे १९५८ साली बा. ना. चापेकरांनी तेथे उत्खनन केले. सातवाहनकालीन व्यापारी नगर म्हणून तेरचे स्थान त्यानंतर अधिकच दृढ झाले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंतून उभ्या राहिलेल्या तेथील संग्रहालयाने त्या समृद्धीचा पुरावा डोळ्यांसमोर ठेवला.

या पाहणीत कझिन्स यांचे लक्ष वेधून घेणारी वास्तू म्हणजे त्रिविक्रमाचे देऊळ. हे देऊळ विटांचे आहे. त्याचा मागील भाग अर्धवर्तुळाकार असून छप्पर हत्तीच्या पाठीसारखे गोलाईचे आहे. विटांचे थर आत आत सरकवीत नेऊन ते मिटविलेले आहे. दर्शनी बाजूस, छपराच्या टोकाशी, लेण्यांतील चैत्यगवाक्षाची आठवण करून देणारी नालाकृती कमान आहे. पुढे सपाट छताचा मंडप आहे आणि तो नंतरचा आहे, हे पाहताक्षणी कळते. आत वामनावताराची, म्हणजे त्रिविक्रमाची मूर्ती आहे. कझिन्स यांनी निष्कर्ष काढला की ही मूळची बौद्ध चैत्यशाळा असून पुढे ती वैष्णवांनी आपलीशी केली. पर्सी ब्राउन यांनी आपल्या भारतीय वास्तुकलेवरील ग्रंथात आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वराच्या देवळाबरोबर तिची जोडी लावली. अशा रीतीने बांधीव चैत्यगृहाचे दुर्मीळ उदाहरण म्हणून तेर जगाच्या वास्तुशास्त्रीय इतिहासात दाखल झाले.

या निष्कर्षाचे ऐतिहासिक मोल निःसंशय मोठे आहे. कार्ले, भाजे येथील लेणी ज्या लाकडी व विटांच्या बांधकामांचे दगडातील प्रतिरूप आहेत, ती मूळ बांधकामे बहुतेक सारी नष्ट झाली. त्या हरवलेल्या परंपरेचा एक साक्षीदार तेरला उभा आहे, हे दाखवून देणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि या निष्कर्षातील तर्काची पायरी तपासून पाहिली पाहिजे. ती पायरी अशी: गजपृष्ठ आकार म्हणजे चैत्य, चैत्य म्हणजे बौद्ध, म्हणून ही इमारत मूळची बौद्ध. यातील पहिले पाऊल वर्णनाचे आहे. पण दुसरे पाऊल अनुमानाचे आहे आणि ते आज तितकेसे निर्वेध राहिलेले नाही. ऐहोळेचे दुर्गादेऊळ गजपृष्ठ आहे आणि ते बौद्ध नव्हे. गुडिमल्लम येथील शिवालयाचा मागील भाग गोलाईचा आहे. नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकूंच्या काळातील गजपृष्ठ आराखड्याचे ब्राह्मणी देवालय उत्खननात सापडले आहे. म्हणजे हा आकार एका पंथाची मिरासदारी नव्हता. पवित्र स्थळाभोवती प्रदक्षिणा घालण्याची सोय करणारा तो तत्कालीन भारताचा सर्वसाधारण आकार होता. तेरला बौद्ध वस्ती होती, हे अन्य पुराव्यांनी सिद्ध आहे. त्यामुळे कझिन्स यांचे अनुमान शक्य कोटीतील आहे, किंबहुना संभाव्यही आहे. परंतु संभाव्य अनुमान आणि सिद्ध वस्तुस्थिती यांतील अंतर आपल्या पाठ्यपुस्तकांनी पुसून टाकले, हा आक्षेप कझिन्स यांच्यावर नसून त्यांच्या वाचकांवर आहे.

३

याहून महत्त्वाचा मुद्दा दुसरा आहे. 'मूळचा चैत्य, नंतर देवळात रूपांतरित' या वाक्यात 'मूळचा' या शब्दावर सारा भार आहे आणि 'रूपांतरित' या शब्दात एक सूक्ष्म तक्रार आहे. जणू इमारतीचे खरे आयुष्य तिच्या पहिल्या दिवशीच संपले आणि त्यानंतरचे शतकानुशतकांचे आयुष्य म्हणजे तिच्यावर चढलेली पुटे होत. या दृष्टीने पाहणाऱ्यास पुढील मंडप अडथळा वाटतो, भिंतीवरचा चुना आवरण वाटतो आणि आतील त्रिविक्रम आगंतुक वाटतो.

पण वस्तुस्थिती काय आहे? तेरला आणि अन्यत्रही विटांची जी बांधकामे मूळ उपयोगाबरोबर संपली, ती जमिनीखाली गेली. पांढरीच्या मातीत त्यांचे जोते तेवढे उरले. त्रिविक्रमाचे देऊळ मात्र उभे राहिले. ते का उभे राहिले? कोणीतरी दर पावसाळ्यापूर्वी त्याचा चुना पाहिला म्हणून. कोणीतरी तेथे दिवा लावला म्हणून. वीट ही दगडासारखी स्वतःच्या बळावर शतके काढणारी वस्तू नव्हे. तिला सतत काळजी लागते. तेरच्या विटांची ख्याती तर अशी की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जाते आणि वीट सच्छिद्र व हलकी होते. अशी वीट गोलाईच्या छपराला सोयीची, परंतु उघडी पडल्यास पावसाला तितकीच दुबळी. म्हणजे ज्यास आपण 'रूपांतर' म्हणून कमी लेखतो त्यानेच मूळ रूप वाचविले. रोममधील पँथिऑन आज उभे आहे याचेही एक मोठे कारण हेच की इ. स. ६०९ मध्ये त्याचे चर्च झाले आणि तेव्हापासून ते वापरात राहिले. तेथील इतिहासकार या रूपांतरास वास्तूचा ऱ्हास मानीत नाहीत. तिच्या आयुष्याचा दुसरा अध्याय मानतात.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिट्बी या लहान गावाचे उदाहरणही येथे उद्बोधक आहे. तेथील टेकडीवर इ. स. ६५७ मध्ये स्थापन झालेल्या मठाच्या जागी पुढे बांधलेल्या मठाचे भग्नावशेष आहेत आणि त्यांच्या शेजारी सेंट मेरीचे चर्च आहे. या चर्चचा सांगाडा बाराव्या शतकाचा. पण आतील लाकडी सज्जे, पेटीसारखी बंदिस्त आसने ही अठराव्या शतकातील. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील असंख्य चर्चे 'मूळ' मध्ययुगीन रूपात आणण्याच्या उत्साहात आतून खरवडली गेली. त्याविरुद्ध १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी संस्था काढून आवाज उठविला. व्हिट्बीचे चर्च त्या उत्साहातून पुष्कळसे बचावले, आणि आज जाणकार तिकडे जातात ते त्या बाराव्या शतकाइतकेच अठराव्या शतकासाठीही. विशेष म्हणजे त्या गावाच्या नोंदीत मठ आणि चर्च यांबरोबर बंदराचे धक्के आणि साधी घरेही वास्तू म्हणून गणली जातात. १९४७ च्या नगररचना कायद्याने त्या देशात ऐतिहासिक इमारतींच्या सार्वत्रिक याद्या करावयास आरंभ झाला, आणि निकोलाउस पेव्हस्नर यांनी १९५१ ते १९७४ या काळात परगण्यामागून परगणा पालथा घालून इमारतींचे वर्णन लिहिले. आपल्याकडे गॅझेटिअर आहेत. पण त्यांतील 'प्रेक्षणीय स्थळे' हे प्रकरण आणि असे वर्णन यांत फरक आहे. पहिले पाहुण्यासाठी लिहिले जाते, दुसरे नागरिकासाठी.

४

धाराशिवच्या लेण्यांविषयीच्या लेखनात हाच 'मूळ'चा ध्यास वेगळ्या वेषात दिसतो. गावापासून काही मैलांवरील या लेण्यांचे सविस्तर वर्णन जेम्स बर्जेस यांनी १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात केले आणि त्यांची गणना जैन लेण्यांत केली. येथील मुख्य लेण्याचे दालन सुमारे ८० फूट चौरस असून त्याची मांडणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळते. या साम्याच्या आधारे म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी ही लेणी मुळात बौद्ध असून नंतर जैनांनी ती घेतली, असे प्रतिपादन केले. दुसऱ्या बाजूस अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरात जुने जिनलेणे पाहतो आणि आणखी लेणी करवितो, अशी कथा आहे. हीरालाल जैन यांनी १९३४ साली हे काव्य संपादून प्रसिद्ध केल्यावर त्या कथेचा या लेण्यांशी असलेला संबंध अभ्यासकांपुढे आला.

या वादात उतरून निर्णय देणे हा येथे हेतू नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की वाद सारा 'पहिले कोण' या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. 'करकंडचरिउ'च्या साक्षीकडेही आपण त्या एकाच प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी जातो. वास्तविक त्या काव्यातील अत्यंत मोलाची गोष्ट दुसरीच आहे. अकराव्या शतकातील एक कवी शतकांपूर्वीच्या लेण्याकडे पाहून त्याचा इतिहास कल्पितो आहे. त्याच्या लेखी ती लेणी आधीच प्राचीन आहेत. त्यांना जुनेपण आहे आणि त्या जुनेपणाचा अर्थ लावण्याची गरज त्याला वाटते. म्हणजे वास्तूच्या जुनेपणाची जाणीव आपण युरोपकडून उसनी घेतली, हे मत या एका उदाहरणाने तरी डळमळीत होते. १९०३ साली व्हिएन्नाच्या आलोइस रीगल यांनी स्मारकांच्या 'वयमूल्या'ची मीमांसा केली. त्या मूल्याची चाहूल धाराशिवच्या डोंगरात वावरणाऱ्या या काव्यात त्याच्या कितीतरी आधी लागते. समीक्षकाने हे पाहावयास हवे होते. परंतु 'बौद्ध की जैन' या खटल्यात साक्षीदार म्हणून उभे केल्यावर कवीचे काव्य कोण ऐकणार?

परांड्याच्या किल्ल्यातील मशिदीबाबत प्रश्न अधिक नाजूक आहे. हा किल्ला परंपरेने बहमनी वजीर महमूद गवान याच्या नावाशी जोडला जातो, इ. स. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने गादीवर बसविलेल्या मूर्तझा निजामशाहाची राजधानी काही काळ येथे होती. मोगलांनी १६३० नंतरच्या काळात घातलेले वेढे त्याने परतविले. आणि १५४९ साली अहमदनगरास ओतलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ १६३२ मध्ये येथूनच विजापुरास गेली. त्या मशिदीत जुन्या देवळाचे खांब आहेत. तेरला झालेल्या बदलास आपण 'रूपांतर' म्हणतो आणि परांड्यातील बदलास 'विध्वंस'. दोन्ही शब्द कदाचित बरोबर असतील, कदाचित दोन्ही अपुरे असतील. पण शब्द निवडण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी तोच पुरावा मागणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे. खांब तेथे आहेत एवढ्यावरून ते कोठून, केव्हा, उभ्या देवळातून की पडक्या देवळातून आले, हे ठरत नाही. त्यासाठी खांबांचे माप, घडण आणि सांधे पाहावे लागतात. हे काम झाल्याखेरीज उच्चारलेला कोणताही शब्द वास्तूविषयी कमी आणि उच्चारणाऱ्याविषयी अधिक सांगतो.

५

नळदुर्गविषयी लिहिताना समीक्षेची चूक निराळ्या जातीची झाली आहे. बोरी नदीच्या वळणावर काळ्या पाषाणात उभ्या असलेल्या या किल्ल्याला नदीपलीकडील रणमंडळाशी जोडणारे एक दगडी धरण आहे. त्याची उंची सुमारे ९० फूट सांगितली जाते. धरणाच्या पोटातच एक महाल बांधलेला आहे. नदी भरून आली की पाणी 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून कोसळते आणि महालात उभा असलेला मनुष्य कोरडा राहून ते पाणी समोर पडताना पाहतो. पाणीमहालाचे बांधकाम दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मधील मानले जाते. धरणाचे आणि तटबंदीचे श्रेय मात्र काही लेखक पहिल्या अली आदिलशाहास, म्हणजे १५५८ ते १५८० या काळास देतात.

आता या वास्तूवरील लेखन चाळून पाहावे. त्यात दोन गोष्टींना भरपूर जागा आहे: ती कोणी बांधली याला आणि पावसाळ्यात ती किती रम्य दिसते याला. ती कशी चालते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. धरणाच्या भिंतीत पोकळी ठेवणे म्हणजे भिंतीस अशक्त करणे. मग पाण्याचा दाब पेलूनही ही पोकळ भिंत चारशे वर्षे कशी टिकली? सांडवे कोठे ठेवले म्हणजे पुराचे पाणी भिंतीच्या पायथ्याला न खाता पुढे जाईल? साठलेले पाणी किल्ल्याच्या शिबंदीस कसे पोहोचत असे? या प्रश्नांची उत्तरे सौंदर्याच्या विरोधात जात नाहीत; उलट नळदुर्गचे सौंदर्य त्यांतच आहे. येथे विलास आणि उपयोग यांची फारकत नाही. ज्या भिंतीने शत्रूस अडविले, तिनेच पाणी अडविले आणि तिनेच राजाला उन्हाळ्याचा विसर पाडला. एका बांधकामाकडून तीन कामे करून घेणे ही ज्या स्थपतीची प्रतिज्ञा होती त्यास केवळ 'रम्य' म्हणून निरोप देणे हा त्याचा अपमान आहे.

नळदुर्गला प्रशासक म्हणून आलेला मेडोज टेलर या बाबतीत बराच जागरूक होता. १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या आणि १८६० मध्ये परत गेलेल्या या मुलुखाचा कारभार त्याने काही वर्षे पाहिला, आणि १८७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात किल्ल्याचे आणि धरणाचे वर्णन केले. टेलर कादंबरीकार होता, त्यामुळे अद्भुताचे आकर्षण त्यास होतेच. पण जमीनमोजणी आणि रस्ते यांत गुंतलेल्या माणसाचा डोळाही त्यास होता. त्याच्यानंतरच्या लेखकांनी त्याचे अद्भुत उचलले आणि डोळा सोडून दिला. अलीकडच्या काळात शासनाच्या स्मारक संगोपन योजनेखाली किल्ल्यात उद्याने व करमणुकीच्या सोयी झाल्या, प्रेक्षकांची गर्दी वाढली. त्यात वाईट काही नाही. परंतु समीक्षेने ज्यास केवळ देखावा ठरविले, त्याच्या वाट्यास देखाव्याचीच निगा येते, हे सूत्र येथे स्पष्ट दिसते.

आपल्या लेखनातील आणखी एका शब्दाचा येथे उल्लेख करणे अपरिहार्य आहे. तो शब्द म्हणजे 'हेमाडपंती'. तुळजापूरच्या भवानीचे देऊळ हेमाडपंती, अमुक गावची बारव हेमाडपंती, तमुक गढीचा दगड हेमाडपंती. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे, त्याच्या जन्माच्याही पूर्वीचे. तरी तेही लोकांच्या तोंडी हेमाडपंतीच. चुन्याशिवाय दगडावर दगड बसविण्याची पद्धत एवढाच या शब्दाचा अर्थ घ्यावयाचा असेल तर तो तंत्रवाचक म्हणून चालेल. कालवाचक म्हणून तो निरुपयोगी आहे, आणि शैलीवाचक म्हणून तर अपायकारक आहे. कारण तो उच्चारला की पाहणे संपते. तुळजापूरच्या देवळात अनेक काळांचे थर आहेत. पायऱ्या, तीर्थे, महाद्वारे, ओवऱ्या यांचे वय एक नाही. एका विशेषणाने ते सारे एकाच दिवशी जन्मल्याचा आभास निर्माण होतो. जीर्णोद्धाराच्या वेळी काय ठेवावे आणि काय काढावे, हा प्रश्न उभा राहतो तेव्हा हा आभास फार महाग पडतो.

६

आता त्या मौनाकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीबरोबरच या जिल्ह्यातील सास्तूर आणि उमरगा भागातील कितीतरी गावे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे झोपेत दडपली गेली. ती ज्या घरांत दडपली गेली ती घरे म्हणजे मराठवाड्याची माळवदे: दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळयांचे खण, वर फळ्यांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, चोरास दुर्भेद्य. त्या पहाटेनंतर ही सारी परंपरा एका वाक्यात दोषी ठरली: दगडाची घरे मारतात. बावन्न गावांचे पुनर्वसन नव्या जागी, सरळ रस्त्यांच्या आखणीवर झाले.

मृत्यूच्या त्या आकड्यापुढे वास्तुसमीक्षेची भाषा काढणे कोणास अप्रस्तुत वाटेल. तरीही हे सांगितले पाहिजे की दोष दगडाचा नव्हता. भूकंपानंतर अभियंत्यांनी जी पाहणी केली तिच्यातून असे दिसले की भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर एकमेकांस बांधणारे आरपार दगड नव्हते. मधली पोकळी खडी-मातीने भरलेली होती. आणि पिढ्यान्‌पिढ्या गळती थांबविण्यासाठी वर माती चढवीत गेल्याने छताचे ओझे वाढलेले होते. म्हणून दुरुस्तीच्या सूचनांत आरपार दगड बसविणे आणि छतावरची माती कमी करणे या दोन गोष्टी अग्रभागी होत्या. लाकडी खणांचा सांगाडा भिंतीपासून बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे छत पेलतो, ही त्या परंपरेतील मोठी सोयही त्या निमित्ताने ध्यानात आली.

प्रश्न असा आहे की हे ज्ञान १९९३ पूर्वी कोठे होते? जुन्या गवंड्यांच्या हातात काही अंशी असेल. देवळांच्या आणि तटांच्या भिंतींत ते डोळ्यांसमोर उभे होते. पण आमच्या ग्रंथांत ते नव्हते. विद्वानांनी लेण्यांचे खांब मोजले, देवळांची शिखरे मोजली, तोफांवरचे लेख वाचले. ज्या घरात मुक्काम केला त्याची भिंत मात्र कोणी मोजली नाही. चांगले माळवद आणि वाईट माळवद यांत भेद करणारी भाषाच आपल्याजवळ नसल्यामुळे प्रसंग आला तेव्हा परंपरेचा सरसकट धिक्कार किंवा सरसकट गौरव एवढे दोनच पर्याय उरले. समीक्षा म्हणजे भेद करण्याची शक्ती. ती जेथे वापरली गेली नाही, तेथे आपत्तीने आपला निवाडा दिला.

७

वर मांडलेल्या भूमिकेवर एक आक्षेप सहज घेता येईल. वास्तूचा प्रत्येक थर तिच्या आयुष्याचा भाग मानावयाचा, तर मग काल बसविलेल्या चकचकीत फरश्या, कोरीव दगडावर फासलेला तैलरंग, विटांच्या भिंतीवर थापलेले सिमेंट, हेही तिचे आयुष्यच नव्हे काय? मग कशालाच नकार देता येणार नाही.

आक्षेप गंभीर आहे आणि त्यास 'जुने ते सोने' असे उत्तर देऊन चालणार नाही. कारण जुन्याची सीमा कोठे आखावी, हाच तर वाद आहे. मला असे वाटते की निकष वयाचा नसून वर्तनाचा असावा. नवा थर जुन्या थरास वाचू देतो काय, आणि जगू देतो काय, हे दोन प्रश्न विचारावे. त्रिविक्रमाच्या पुढील मंडपाने गजपृष्ठ गाभा झाकला नाही. चैत्यगवाक्षाची कमान त्याच्या वरून आजही दिसते. चुन्याच्या गिलाव्याने विटेचा श्वास कोंडला नाही. तो खराब झाला की काढून नवा देता येत होता. सिमेंटचे तसे नाही. सच्छिद्र विटेत शिरलेला ओलावा कठीण सिमेंटच्या आत अडकतो, क्षार साचतात आणि वीट आतून भुगा होऊ लागते. म्हणजे बाराव्या शतकातील भर आणि एकविसाव्या शतकातील भर यांत आपण जो भेद करावयाचा तो भक्तीच्या किंवा काळाच्या नावाने नव्हे, परिणामाच्या नावाने. या निकषाने भक्तांना दोषी ठरविण्याचे कारण उरत नाही आणि अभ्यासकाला नुसते हळहळत बसण्याचीही गरज उरत नाही. दोघांनाही एका भाषेत बोलता येते.

८

समारोप करताना पदव्युत्तर विद्यार्थ्यांस उद्देशून एक सूचना करावीशी वाटते. धाराशिव जिल्ह्यातील प्रमुख वास्तूंचा काळ ठरविण्याचे काम थोरांनी पुष्कळ केले आहे आणि पुढेही होईल. परंतु प्रत्येक गावात एक वेस, एक बारव, एक गढी आणि भूकंपातून वाचलेली दोन-चार माळवदे आहेत. त्यांपैकी एकीची निवड करावी. ती कोणी बांधली हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवावा. भिंतीची जाडी, दगडांची बांधणी, पाण्याची वाट, दुरुस्तीच्या खुणा, वापरातील बदल एवढे पाहावे, मोजावे, आणि 'हेमाडपंती', 'भव्य', 'रम्य', 'मूळ' हे शब्द न वापरता दहा पाने लिहावी. असे शंभर लेख झाले तर जिल्ह्याच्या वास्तूंची एक विश्वसनीय नोंद तयार होईल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इमारतीविषयी मराठीत नेमके बोलण्याची सवय तयार होईल.

तेरच्या त्रिविक्रमाने तीन पावलांत तीन लोक व्यापिले, अशी कथा आहे. त्याच्या देवळाने मात्र एकाच जागी उभे राहून निरनिराळ्या काळांतील माणसांना आपल्यात सामावून घेतले. त्यांतील पहिल्या माणसाचे नाव शोधण्याच्या नादात बाकीच्यांना बाहेर उभे करणे हे इतिहासाचे काम नव्हे आणि समीक्षेचे तर नव्हेच नव्हे.